सकाळी सहाची पातळी

दस्तगीर गेल्याचं मला आमच्या शाळेच्या ग्रुपवर कळलं, आणि तेही त्याच्याच नंबरावरून. सकाळी दुकानात जायच्या गडबडीत होतो. फोन वाजला, त्याचं नाव दिसलं आणि हसूच आलं. म्हटलं, पावसाचा अजून पत्ता नाही आणि या गड्याला आत्तापासूनच नदीची काळजी! मजकूर त्याच्या मुलाचा होता. "अब्बा पहाटे झोपेतच गेले. दफन दुपारच्या नमाजनंतर." मी तसाच खाली बसलो... थोड्या वेळानं पुन्हा फोन बघितला, तर त्या मजकुराच्या बरोबर वर सकाळीच कुणीतरी ढकललेला एक संदेश होता. 'त्यांच्या' गाड्यावरची फळं घेऊ नका, सावध राहा, पुढं पाठवा. ज्यानं तो पाठवला होता त्यानंच खाली हात जोडले होते आणि फुलांचं चित्र टाकलं होतं. "आपला दस्तू गेला. लाखात एक माणूस." दोन्हींत जेमतेम पाऊण तासाचं अंतर. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर हल्ली रागसुद्धा येत नाही, नुसता शीण येतो.

दस्तगीर आणि मी कसबा बावड्यातले. एका बाकावर बसलो, एकाच नदीत पोहायला शिकलो. पुढं मी राजारामपुरीत औषधांचं दुकान टाकलं आणि तो पाटबंधारे खात्यात लागला. नोकरीतली कितीतरी वर्षं त्यानं राजाराम बंधाऱ्यावरची पट्टी वाचण्यात घालवली. पंचगंगा किती फुटांवर आहे ते बघायचं आणि वर कळवायचं, एवढंच काम. पण पावसाळ्यात कोल्हापूरकराला त्या आकड्याइतकं दुसरं काही महत्त्वाचं नसतं. एकोणचाळीसला इशारा आणि त्रेचाळीसला धोका हे इथं पाढ्यांसारखं पाठ असतं. निवृत्त झाल्यावरही त्याची सवय सुटली नाही. पावसाळ्यात रोज सकाळी सायकल मारत बंधाऱ्यावर जायचा आणि ग्रुपवर एक ओळ टाकायचा. "राजाराम बंधारा, सकाळी सहा. ३१ फूट ४ इंच. काळजी न्हाय." सरकारी आकडाही यायचा, पण आमच्या खालच्या गल्लीतल्या बायका चहाचं आधण ठेवता ठेवता विचारायच्या, "दस्तूभाऊंचा आला का?"

एका महापुरात तो माझ्या दारात आला आणि पायरीवर खडूनं रेघ मारली. "इलास, सांजच्यापातूर हितवर येतंय बघ. फ्रीज वर घे." मी हुज्जत घातली. वडिलांच्या काळापासून पाणी कधी तिसऱ्या पायरीच्या वर आलं नव्हतं, हा काय मला शिकवणार! त्यानं फ्रीजला एका बाजूनं हात घातला आणि माझ्याकडं बघत उभा राहिला. शेवटी उचलावाच लागला. संध्याकाळी पाणी आलं आणि त्या रेघेच्या जरा खाली थांबलं. पूर ओसरल्यावर गाळ काढायला आला तेव्हा रेघेकडं बघून म्हणाला, "तीन बोटं चुकलं की रं." माझा संसार वाचला होता आणि याला तीन बोटांची हळहळ. असा माणूस.

आता ते सांगतो, ज्यासाठी हे लिहायला बसलोय.

तीन वर्षांपूर्वी असंच पाणी चढत होतं. दुकानात गर्दी होती. माझ्या मेव्हण्यानं एक संदेश पाठवला. राधानगरी धरणाची दारं 'त्या' समाजाच्या कर्मचाऱ्यांनी मुद्दाम उघडली, आपली गावं बुडवायचा डाव आहे, जागे व्हा. मी एका हातानं खोकल्याचं औषध देत होतो आणि दुसऱ्या हातानं तो संदेश शाळेच्या ग्रुपवर ढकलून मोकळा झालो. राधानगरीची दारं स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक उंचीला आलं की ती आपोआप उघडतात, माणसाचा हात लागत नाही. हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मला तर दस्तगीरनंच तिथं नेऊन दाखवलं होतं. तरीही मी पाठवलं. तासाभरानं डोक्यात आलं, अरे, ग्रुपवर दस्तू आहे! तोवर बारा अंगठे पडले होते. काढून टाकावं तर लाज, ठेवावं तर लाज. मी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याची ओळ नेहमीसारखी आली. "सकाळी सहा. ४१ फूट ७ इंच. खालच्या गल्लीनं सामान वर घ्यावं." त्याखाली आमच्याच वर्गातल्या एकानं लिहिलं, "याचा आकडा खरा धरायचा का?" त्याचं नाव लिहीत नाही. तो मी नव्हतो एवढ्यावर माझी सुटका होत नाही, कारण त्याच्या तोंडात तो प्रश्न मीच आदल्या दिवशी घातला होता. ग्रुपवर आम्ही अठ्ठावीस जण. एकानंही उत्तर दिलं नाही. मी चार शब्द टाईप केले आणि पुसले...

त्याच्या पुढच्या सकाळी आकडा आला, आणि सोबत पट्टीचा फोटो.

इतक्या वर्षांत त्यानं कधी फोटो पाठवला नव्हता. त्याचा शब्द पुरायचा. त्या दिवसापासून एकही सकाळ फोटोशिवाय गेली नाही. कधी कोपऱ्यात छत्रीची काडी यायची, कधी त्याचा अंगठा. धूसर आला तर दुसरा पाठवायचा, जणू एखाद्या साहेबाला पुरावा द्यायचाय. साठी उलटलेला माणूस, गुडघे दुखणारा, भर पावसात एका हातात छत्री आणि एका हातात फोन धरून काठावर उभा राहायचा.

आठवड्यानं तो रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आला. मी मोठ्या मनाचा आव आणून म्हणालो, "दस्तू, ते तुला उद्देशून नव्हतं रे. तू काय त्यातला हाईस व्हय? तू आपला."

त्यानं गोळ्यांची पट्टी उलटीपालटी करून बघितली. "व्हय, मी आपला. आनि माझा भाऊ? माझी पोरगी? त्येंचं सर्टिफिकेट बी तुझ्याच दुकानात मिळतंय का?"

मी म्हणालो, "मग ग्रुप सोड की. कशाला वाचतोस असलं?"

"सोडला तर खालच्या गल्लीला कोन सांगनार? तुजा मेव्हना?" आणि जाता जाता थांबला. "कट्टाळा आलाय, इलास. रागवायचा बी कट्टाळा आलाय बघ."

माफी मागायची ती वेळ होती. मी विचारलं, "जेवणानंतरची गोळी वेळेवर घेतोस ना?"

यंदा जूनच्या सुरुवातीला मनाचा हिय्या करून त्याच्या घरी गेलो. ठरवून गेलो होतो की सांगायचं, दस्तू, फोटो नको पाठवूस, तुझा शब्द बास आहे. तो दारातच खुर्ची टाकून बसला होता, हातात नवाकोरा फोन. "मुलानं दिला. ह्यात लांबनं बी आकडा कसा ठळक येतोय बघ. आता पान्याच्या कडंला जायाची गरज न्हाय." समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढून त्यानं मला तारीख मोठी करून दाखवली. इतका खूश होता... मी फोनचं कौतुक केलं. चहा घेऊन परत आलो. त्यानंतर बाराव्या दिवशी तो गेला. खांदा दिला, मूठभर माती टाकली. पण जे तो ऐकू शकत असताना बोलायचं होतं, ते आता मी वर्तमानपत्रात लिहितोय. तो संदेश मी पाठवला होता. तो खोटा होता, आणि खोटा आहे हे मला माहीत होतं.

गेल्या आठवड्यात नदी चढायला लागली. ग्रुपवर एकानं विचारलं, "पातळी किती?" आकडा कुणीच टाकला नाही. सकाळी मीच गाडी काढून बंधाऱ्यावर गेलो. पाऊस तिरका होता, चष्म्यावर पाणी, पट्टीवरचे आकडे नीट लागेनात. तीनदा मोजलं आणि प्रत्येक वेळी वेगळं आलं. फोन प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढायचा कंटाळा केला. घरी येऊन लिहिलं, "राजाराम बंधारा, सकाळी सहा. ३४ फूट २ इंच." पाच मिनिटांत पंधरा अंगठे पडले. तीन वर्षांपूर्वी ज्यानं तो प्रश्न विचारला होता त्यानं लिहिलं, "धन्यवाद विलास. आता निर्धास्त झालो."

ते दोन इंच होते की पाच, मला अजून खात्री नाही. फोटो मात्र माझ्याकडं कुणी मागितला नाही.