पेटीतली बाई आन् येसराची आमटी

अख्ख्या उमरीच्या बायकांपुढं मी ताठ मानेनं उभी राहिले आन् आपल्या हातानं आपली फजिती करून घेतली. कशी, ते सांगते. चहा घेत घेत ऐका.

आमच्या वाचनालयात शनिवारी बायका जमतात. एकेकीनं उठायचं, आवडलेलं पुस्तक सांगायचं. शेजारच्या कमलबाई, रिटायर मास्तरीण, मला म्हणल्या, "आक्का, तुम्ही नुसतं ऐकायला या. पुस्तकाचं तुम्हाला काय जमणार?"

अक्षर येत न्हाई मला, पण ऐकलेलं विसरत न्हाई. ठरवूनच टाकलं, येत्या शनिवारी मीच उठणार.

माझी नात प्राजू दुपारी मला वाचून दाखवून राहिली होती. मी ज्वारी निवडायची, तिनं वाचायचं. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर. एक गडी आपलीच जिंदगी सांगायचा, मी असं केलं, मी तसं केलं. एक दिवस त्यानं लग्नाच्या पंगतीचं वरण करपवलं, दुसऱ्या दिवशी टोपीतून कबुतर काढलं. म्हणलं, हिकमती माणूस हाय.

मंगळवारी त्यानं बायकोला पेटीत घातलं आन् करवत चालवली. माझा हात सुपातच थांबला.

"पोरी, बाई जगली का?"

"पुढं कळंल, आजी," म्हणून तिनं पुस्तक मिटलं.

बुधवारी बायको चुलीपाशी हजर. त्याची आमटी चाखून म्हणते, येसराचा मसाला कमी पडला. माझा जीव भांड्यात पडला. मग दोन दिवस प्राजूचे पेपर, वाचन बंद.

शनिवारी मी हे सगळं रंगवून सांगितलं. जमलेल्यांतली एक तरणी सून म्हणली, "काकू, करवत चालवली तरी नांदत होती?"

"करवत तिनं मनावर घेतलीच न्हाई," मी म्हणलं. "आमटी घेतली."

अकरा जणींनी पुस्तकासाठी नावं दिली. कमलबाई हळूच म्हणल्या, "बारावं माझं लिहा."

वाचनालयातल्या ताईनं पुस्तकाचं नाव विचारलं. माझ्यासंगं आलेल्या प्राजूनं खाली मान घालून पिशवीतून कव्हर घातलेली दोन पुस्तकं काढली. "आजी, एक आचाऱ्याचं हाय, एक जादूगाराचं. तुला कंटाळा येऊ नये म्हणून आलटून पालटून वाचत होते."

आता मला काय ठाऊक? आमच्यात एक पोथी लावली की ती संपल्याबिगर दुसरी उघडत न्हाईत. मी जादूगाराची बायको आचाऱ्याच्या घरी नांदवून मोकळी झाले होते.

बायका हसून हसून लोळल्या. पण मी उठले होते ती बसले न्हाई. म्हणलं, "चुकलं माझं. गडी दोन हायत, बायकाबी दोन. पुस्तकं दोन्ही चांगली हायत, बिनघोर न्या."

कमलबाईंनी चष्मा वर केला. "ते राहू द्या आक्का. पेटीतल्या बाईचं पुढं काय झालं?"

चार दिवस मी निर्धास्त जेवत होते, आन् ती बिचारी मंगळवारपासून पेटीतच पडून होती.