शरणागतीचं वाक्य

२००२ सालची गोष्ट. आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला होतो आणि लेक सातवीत होती. वर्गात तिसऱ्या क्रुसेडचं नाटक बसत होतं. युरोपातले राजे जेरुसलेम घ्यायला निघतात, ते धर्मयुद्ध. लेकीला इंग्लंडचा राजा व्हायचं होतं. त्याचे सगळे संवाद पाठ करून ती घरभर लाटणं परजत फिरायची. टीचरने तिला केलं जेरुसलेमच्या सुलतानाचा सरदार. वाक्य एकच, शेवटचं: आम्ही शरण आलो. का, तर म्हणे त्या भूमिकेत ती अगदी खरी वाटेल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्गातला दुसरा सावळा मुलगाही त्याच सैन्यात. वर मला फोन, तुमच्याकडे पगड्या बांधतात ना, येऊन बांधून द्याल का? नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनीअर, ग्रीन कार्ड अजून व्हायचं होतं. म्हणाला, "अगं, नाही म्हणून टाक. न्यूयॉर्कचे ते टॉवर पडल्यापासून डोक्याला फडकं दिसलं तरी लोक गाडी स्लो करून बघतात. कशाला नसती आफत?"

"मग बघू देत की," मी म्हटलं.

माझं माहेर कोल्हापूरचं. दोन जुन्या सुती साड्या उभ्या फाडल्या आणि सरदारांना फेटे बांधले, तुरा वर, शेमला पाठीवर. ती वाकून चालणारी पोरं एकदम ताठ झाली. टीचर म्हणाली, "जरा जास्तच रुबाब झाला. ते हरणार आहेत ना?" हरणाऱ्याने मान खाली घालून यावं असं आमच्यात नाही, असं मी तिला सांगितलं. इंग्रजी मोडकं होतं माझं, आवाज नव्हता.

नाटकाच्या आदल्या दिवशी लेक इतिहासाचं पुस्तक घेऊन आली. "आई, हे खोटं आहे. राजा जेरुसलेमजवळ गेला आणि परत फिरला. त्याने ते घेतलंच नाही. मी टीचरना सांगितलं, तर म्हणाल्या, शेवट छान हवा." तिचे डोळे भरले. "उद्या सगळ्यांसमोर मला ते खोटं वाक्य बोलावं लागणार." नवऱ्याने माझ्याकडे रोखून पाहिलं, म्हणजे भलतंसलतं शिकवू नकोस. नाही शिकवलं. एवढंच म्हटलं, "तोंड तुझं आहे, बाळा."

नाटकात पुठ्ठ्याचा मुकुट घातलेला राजा आला आणि दार उघडा म्हणाला. लेकीने तलवार खाली ठेवून वाक्य म्हणायचं होतं. ती उभीच राहिली. पडद्याआडून टीचरने वाक्य सांगितलं, मग पुन्हा, एवढ्या मोठ्याने की अख्ख्या हॉलने ऐकलं. नवऱ्याने माझा हात घट्ट धरला. राजा बिचारा इकडेतिकडे बघत राहिला, आणि शेवटी वळून आपलं सैन्य घेऊन निघून गेला.

टीचर लगबगीने आमच्याकडे आली. "बिचारी, घाबरून वाक्य विसरली."

मी काही बोलणार, तेवढ्यात लेकच म्हणाली, "विसरले नाही. शरण कोणी गेलंच नव्हतं."