फडक्यावरचे काळे कण

गाळणीमावशीला देवळात मान असा नव्हताच, पण तिच्यावाचून तिथलं पान हलत नव्हतं. लांबून आलेल्या प्रत्येक यात्रेकरूने स्वतःच्या हाताने देवावर तांब्याभर पाणी ओतायचं, ही तिथली जुनी रीत. म्हणे दुष्काळात पाणी शोधत निघालेल्या एका बाईला तोंड कोरलेला हा काळा पाषाण सापडला, आणि तिने जवळचं उरलंसुरलं घोटभर पाणी आधी त्याला घातलं. तेव्हापासून हे चालत आलेलं. देवाच्या अंगावरून वाहिलेलं पाणी पन्हळीतून मागच्या खोलीतल्या हंड्यात उतरायचं. तिथे मावशी ते पांढऱ्या फडक्यातून गाळायची. पाकळ्या, तांदूळ, कुणाकुणाचे केस काढायची. मगच ते तीर्थ म्हणून लोकांच्या तळहातावर पडायचं. सव्वीस वर्षं हेच काम! सासूने जाताना तिच्या हाती दागिने नाही, हे फडकं दिलं होतं.

एके दिवशी फडकं झटकताना तिला काळी, बारीक रेव दिसली. दुसऱ्या दिवशीही दिसली. ती तडक थोरल्या पुजाऱ्यांकडे गेली.

"गुरुजी, देव झिजतोय."

"विहिरीचा गाळ असेल गं," गुरुजी हसले.

तिथेच बसलेले देवस्थानचे अध्यक्ष मात्र खेकसले, "मावशी, भलतंसलतं बोलू नका. बाहेर कळलं तर लोक आपल्याला फाडून खातील. काम झेपत नसेल तर सांगा, दुसरी बाई बघतो."

तुम्हीआम्ही असतो तर गप्प बसलो असतो, खोटं कशाला बोला! ही बाई हट्टाला पेटली. महिनाभर ती रोज तासभर आधी यायची. विहिरीचं पाणी आणि पूजेचं दूध देवापर्यंत जाण्याआधीच वेगळ्या फडक्यातून गाळायची. पन्हळीतून नुसतं पाणी सोडून तेही तपासलं. काही नाही, फडकं स्वच्छ. देवावरून आलेल्या पाण्याचं फडकं मात्र रोज चिमूटभर काळं. शाळेची पायरी न चढलेली बाई, पण काय तो चोखपणा! भल्याभल्या शिकलेल्यांनी हात जोडावेत.

महिन्याने विश्वस्तांच्या बैठकीत तिने दोन्ही फडकी टेबलावर पसरली.

"हे विहिरीचं, हे देवाचं. मला काढायचं तर खुशाल काढा. पण आधी एकदा देवाच्या तोंडावरून हात फिरवून बघा."

अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या. गुरुजी मात्र उठले. गाभाऱ्यात गेले, डोळे मिटले आणि सावकाश बोटं फिरवली. चाळीस वर्षं रोज देवाला न्हाऊ घालणारा माणूस. रोजच्या हाताला फरक कळणार तरी कसा? बराच वेळ ते बाहेर आलेच नाहीत. आले ते डोळे पुसतच.

"डावी भुवई राहिलेली नाही. माझ्याच हाताखाली गेली."

अध्यक्षांनीही मान डोलावली. ठरलं, की उद्यापासून पाणी शेजारच्या लहान पितळी मूर्तीवर घालायचं. पाषाणाला फक्त ओल्या फुलाचा स्पर्श. देव वाचला!

सगळे पांगल्यावर गाभाऱ्यात गुरुजींनी तांब्या भरून मावशीपुढे धरला. "इतक्या वर्षांत तू एकदाही ओतलं नाहीस. हा शेवटचा तुझा."

खरंच होतं ते. आधी लोकांची रांग उरकू दे, मग आपण, असं म्हणता म्हणता तिचे केस पांढरे झाले होते. आता रांग नव्हती, देव हाताच्या अंतरावर होता. तिला रडूच आलं. तिने तांब्या छातीशी घट्ट धरला, पाषाणाकडे डोळे भरून पाहिलं आणि सगळं पाणी पितळी मूर्तीवर ओतलं.

"अगं, आजच्या दिवस चाललं असतं की!" गुरुजी कळवळून म्हणाले.

"उद्या दारात उभं राहून लोकांना नको म्हणायचंय मला, गुरुजी. कुणी महिनाभर चालून आलेलं असेल. काल मी घातलं, तुम्ही घालू नका, हे कोणत्या तोंडाने सांगू?"