रेडिएटरवाले काका

"इंजिनिअर असताना प्लंबर कशाला?" काका काकूंना सांगत होते आणि मी माझ्या गारठलेल्या खोलीतून ऐकत होते.

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात ज्या मराठी घरात मी भाड्याने राहते, त्या घरच्या काकूंचे हे स्नेही. सॉफ्टवेअरवाले. तीन रविवार ते माझ्या खोलीच्या रेडिएटरमधली, म्हणजे खोली तापवणाऱ्या गरम पाण्याच्या पत्र्यातली, अडकलेली हवा काढायला येत होते. गुडघे टेकून खाली स्टीलची वाटी धरायची, चावी पाव वळण फिरवायची आणि हवेची फुसफुस डोळे मिटून ऐकायची. पाणी ठिबकलं की म्हणायचे, "झालं. आता तापेल."

चहा व्हायचा, रेडिएटर तापायचा नाही. मी जॅकेट घालून झोपायचे, पण मोठ्यांना काही सांगायची माझी छाती नव्हती.

आज वाटी पुसत ते काकूंना म्हणाले, "रेडिएटर ठीक आहे. हल्लीच्या मुलींनाच थंडी जास्त वाजते."

"काका," मी म्हणाले, "गरम पाणी आत सोडणारा खालचा व्हॉल्व्ह पहिल्या रविवारी तुम्हीच बंद केलात. तेवढा उघडा."