यादीबाहेरची नऊ मुलं

विनिपेगमधल्या आमच्या मराठी मंडळाची मी तेव्हा सेक्रेटरी होते. नोकरीही एका हॉस्पिटलच्या खरेदी विभागात, म्हणजे तिथेही दिवसभर याद्याच. कोण येणार, कोणाच्या गाडीत किती जागा, कांदा कोणाला चालत नाही, सगळं माझ्याकडे रकान्यांत लिहिलेलं असायचं. त्या ऑगस्टमध्ये सहलीसाठी शहराच्या उत्तरेकडच्या मोठ्या तळ्यावर आम्ही एक बोट ठरवली. नावं छप्पन्न झाली. बोटीला परवानगी साठ प्रवाशांची होती, म्हणजे चार जागा हाताशी. मी खूश होते.

बोट एका नवरा-बायकोची होती, दोघंही साठीच्या पुढची. तो कप्तान, बाकी सगळं ती बघायची. आठवडाभर आधी तिने फोन करून दोनच गोष्टी विचारल्या: माणसं किती आणि त्यात मुलं किती. मुलांची लाइफ जॅकेटं वजनाप्रमाणे वेगळी असतात, ती मोजून चढवावी लागतात, असं तिने सांगितलं. मी यादीवर नजर फिरवली. अर्ध्या तिकिटाची मुलं सहा होती. मी सहा सांगितलं आणि पुढच्या कामाला लागले.

आमच्या मंडळात पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. गणपतीला नाही, दिवाळीला नाही, नाटकालाही नाही. ती मांडीवर बसतात, आईच्या ताटात जेवतात. त्यामुळे माझ्या फॉर्मवर त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. तो फॉर्म मी सहा वर्षं वापरत होते आणि सहा वर्षांत कोणी काही म्हटलं नव्हतं.

त्या रविवारी आम्ही धक्क्यावर अर्धा तास उशिरा पोचलो. कप्तानाची बायको दोर सोडायच्या घाईत होती. मी बोटीत चढायच्या फळीपाशी उभी राहून एकेका नावावर खूण करत होते. कडेवरची मुलं माझ्या डोळ्यांसमोरून आत गेली. दोन आयांना तर मुलासकट मीच हात देऊन वर घेतलं. यादीतले सगळे आले का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं, आणि ते खरंच होतं.

निघताना कप्तानाने सुरक्षेची माहिती दिली. जॅकेट कसं घालायचं, भोंगा कसा वाजला की काय करायचं, छतावरच्या दोन पांढऱ्या पिंपांत आपोआप फुगणारे तराफे आहेत, वगैरे. ऐकत कोणी नव्हतं. बटाटेवड्यांचे डबे उघडले होते. आमचे डॉक्टरकाका, सत्तरच्या दशकात इथे आलेले आणि आता निवृत्त, पिंपांकडे बघून म्हणाले, "सेक्रेटरीबाई, एकात तरी बासुंदी भरून घ्यायची होती." सगळे हसले. मीही हसले. कप्तान तेवढ्यापुरता थांबला आणि मग त्याने उरलेलं बोलून संपवलं.

पहिला तास छान गेला. मग पाण्याचा रंग बदलला. वायव्येकडे आकाशाची कड शिशासारखी झाली. ते तळं अफाट, पण उथळ आहे. वारा सुटला की तिथे लाटा लांबलचक येत नाहीत. आखूड, उभ्या आणि लागोपाठ येतात. कप्तानाने बोट वळवली. वड्यांचा डबा घसरत पलीकडच्या बाकाखाली गेला आणि तो उचलायला कोणी उठलं नाही.

अर्ध्या वाटेवर इंजिन खोकलं, पुन्हा चाललं, आणि बंद पडलं. टाकीच्या तळाचा गाळ हलून फिल्टरमध्ये बसला असावा, असं कप्तानाची बायको म्हणाली. तिने पुढे जाऊन नांगर टाकला. इंजिनाचा आवाज गेल्यावर लाटांचा आवाज एकदम जवळ आला. कप्तान रेडिओवर बोलत होता आणि मी त्याच्या दाराशीच उभी होते, म्हणून मला स्पष्ट ऐकू आलं: प्रवासी छप्पन्न, आम्ही दोघं.

मग त्याने सगळ्यांना जॅकेटं घालायला सांगितलं. मोठ्यांची बाकांखाली होती, भरपूर होती. साड्यांवरून, कुडत्यांवरून लोकांनी ती चढवली. मुलांची पेटी कप्तानाच्या बायकोने स्वतः उघडली. सहा आणि वर दोन जादा, अशी आठ. सहा मोठ्या मुलांना दिल्यावर तिने मान वर केली आणि पहिल्यांदाच नीट बाकांकडे बघितलं. मीही बघितलं. एक आईच्या पदराखाली, एक स्ट्रोलरमध्ये, दोन एकाच आजीला बिलगलेली. मी मोजत गेले. नऊ.

"किती आहेत एकूण?" तिने मला विचारलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"पासष्ट."

तिने नवऱ्याकडे बघितलं. तराफे साठ प्रवासी आणि त्या दोघांपुरते होते, हे तिने मला नंतर सांगितलं. त्या वेळी ती एवढंच म्हणाली, "त्याला रेडिओवर आकडा बदलायला सांग. बचाववाले सांगितलेल्या आकड्यापर्यंतच शोधतात. छप्पन्न सापडले की परत जातात."

मी चार पावलं चालून त्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे न बघता बटण दाबलं आणि दुरुस्ती दिली. पलीकडच्या माणसाने आकडा पुन्हा विचारला. कप्तानाने पुन्हा सांगितला, एकेक अंक सुटा करून. मदतीची बोट निघाली होती, पाऊण तास लागणार होता.

उरलेली दोन जॅकेटं कोणाला द्यायची, ते वजनावर ठरलं: चार वर्षांच्या दोन मुली. उरली सात. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं. कप्तानाच्या बायकोने ओढण्या मागितल्या, कात्रीने उभ्या फाडल्या आणि मोठ्यांचं जॅकेट अडकून राहावं म्हणून पट्टी मुलाच्या पायांमधून काढून पुढे-मागे घट्ट कशी बांधायची ते दाखवलं. हे नियमात बसत नाही, पण दुसरं काही नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. डॉक्टरकाका गुडघ्यांवर बसून गाठी मारत होते. एक मुलगा त्यांना सारखा म्हणत होता, "It's too tight, Aaba." ते पुढची गाठ आवळत होते.

पोहता कोणाला येतं, असं मी विचारलं. पन्नास मोठ्या माणसांत अकरा हात वर झाले. त्या नऊतलं एकेक मूल एकेका पोहणाऱ्याकडे द्यायला सुरुवात केली. मी नावं लिहून घेऊ लागले, छापील यादीच्या खाली, पेनाने. बोट इतकी हलत होती की अक्षरं एकमेकांवर चढत होती.

शेवटची होती नागपूरहून नुकतीच आलेली एक सॉफ्टवेअरवाली मुलगी. तिचं बाळ सात महिन्यांचं. त्याच्या मापाचं काहीच बांधता येत नव्हतं. तिने त्याला स्वतःच्या जॅकेटच्या आत छातीशी धरलं होतं. तिला पोहता येत नव्हतं आणि बाळ दुसऱ्याकडे द्यायला ती तयार नव्हती. मी बाळाचं नाव विचारलं.

"ताई, आता का लिहिताय?" ती म्हणाली. "आधी नव्हतं का?"

"नव्हतं."

"म्हणजे काही झालं असतं तर याला कोणी शोधलंच नसतं?"

आता आकडा बदललाय, असं मी सांगितलं. तिने नाव सांगितलं, स्पेलिंगसकट, आणि मी लिहिलं.

मदतीची बोट आली. नारिंगी कपड्यांतल्या दोघांनी दोर फेकला आणि आम्हाला हळूहळू ओढत धक्क्यावर नेलं. कोणी पाण्यात पडलं नाही. तिथे पुन्हा मोजणी झाली, या वेळी माझ्या यादीवरून नाही, डोकी बघून. पासष्ट.

उतरताना फळी अजून हलत होती. ती मुलगी माझ्यापाशी आली तेव्हा बाळाला घ्यायला मी दोन्ही हात पुढे केले. तिने खांद्यावरची डायपरची बॅग काढून माझ्या हातांत दिली, आणि बाळाला तसंच छातीशी धरून, कठडा धरत, एकटी उतरली.