माठाखालच्या माश्या
जास्त पिकलेल्या केळ्यांचा वास आला, की मला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा अमरावतीचा उन्हाळा आठवतो. माझा प्रकल्प फळमाश्यांवर होता. केळ्याच्या लगद्यावर वाढणाऱ्या या माश्यांना उष्णता सोसत नाही, आणि ऐन मे महिन्यात कॉलेजातलं त्यांचं थंड कपाट बंद पडलं. मी सगळ्या बाटल्या उचलून सरळ खोलीवर आणल्या. घरमालकीण मावशींच्या माठाखाली ओली वाळू होती. जिथे पाणी गार राहतं तिथे माश्याही जगतील, याची मला खात्री होती. “लोकं माश्या हाकलतात, अन् तू पाळून राहिली काय वं?” मावशींनी विचारलं. “ह्या मेल्या तं माह्यं वर्ष गेलं, मावशी,” मी म्हटलं. त्यांनी माठ उचलून गॅसशेजारी ओट्यावर ठेवला. पुढचा आठवडाभर घर कोमट पाणी प्यायलं. पाहुणे आले तर मावशी पेला पुढे करून सांगायच्या, “वाळूत पोरीच्या माश्या हायेत.” बाटल्यांभोवती गुंडाळलेल्या पोत्यावर दुपारी पाणीही त्याच शिंपडायच्या. शेवटी नव्या पिढीत, नेहमीच्या लाल डोळ्यांऐवजी, मला हव्या होत्या तशाच पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या निघाल्या. आता मी अकोल्यात शिकवते. प्रयोगशाळेत नवंकोरं थंड कपाट आहे, तरी उन्हाळा लागला की त्याच्याशेजारी ओल्या वाळूचं घमेलं ठेवतेच. मुलं हसतात. हसू देत.