तिसरी आंजी

भाची वर्ध्याच्या शाळेत नववीत होती. राहायची आंजीला. दोन हजारच्या दशकाची अखेर होती, आणि शाळेने नियम केला: गावातून तीस मुलं असतील तरच बस. आंजीला बस नाकारली. भाऊजी म्हणाले, "बस नाई तर नाव काढतो. पोरगी रोज सायकलनं जाईन काय?"

मी बोरगावहून तडक शाळेत गेलो. तिथल्या कार्यालयातल्या बाबूंनी नव्या संगणकावरचा गाववार तक्ता दाखवला. आंजी चौदा. खाली आंजी बारा. त्याखाली आंजी अकरा. तीसच्या वर एकही नाही. बेरीज सदतीस होते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एकच गाव तीनदा कसं, असं मी विचारलं.

"आंज्या दोन हायत ना भाऊ," बाबू म्हणाले. "एक मोठी, एक लहान."

"मंग तिसरी कोणती?"

"असन एखादी."

मोठी म्हटली की लहान असणारच, एवढ्यावर त्यांचं समाधान! मुख्याध्यापकांनीही मान डोलावली. प्रोग्राम करून देणाऱ्या नागपूरच्या माणसाला फोन लावला, तर तो म्हणाला, प्रोग्राम बरोबर आहे, तुमचीच माहिती चुकीची भरली असेल. मी त्याला म्हटलं, या आणि माझ्यासमोर उघडा.

आठवड्याने आला. विद्यार्थी नेहमी इयत्तेच्या क्रमाने दिसावेत, असं त्याने सुरुवातीलाच एका ओळीत ठरवून ठेवलं होतं. पुढे त्याने गावानुसार गट करून मोजायला सांगितलं, तर त्याने वापरलेल्या तयार सांगाड्याने, फ्रेमवर्कने, तो जुना क्रम गुपचूप गटात मिसळला. गाव आणि इयत्ता मिळून एकेक गट झाला: आठवी, नववी, दहावी. इयत्तेचा रकाना तक्त्यावर छापलाच नव्हता, म्हणून तीन आंज्या. त्या मोजणीपुरता त्याने तो क्रम काढून टाकला आणि आंजी एका ओळीत आली. सदतीस.

मला राग त्या यंत्राचा फारसा नाही. न विचारता मध्ये घुसणारा क्रम वाईटच, पण नकाशात नसलेलं गाव मान्य करायला दोन शिकलेली माणसं तयार होती. बेरीज करायला एकही नाही.

बस सुरू झाली, भाचीचं नाव राहिलं. शाळेच्या फळ्यावर सूचना लागली: आंजीची विद्यार्थीसंख्या वाढल्यामुळे बस मंजूर.

मी बाबूंना म्हटलं, वाढल्यामुळे हा शब्द खोडा. एकही मूल वाढलेलं नाही. ते हसले. सूचना तशीच राहिली.